दुसरं मशीन

साहेबांच्या टेबलावर तिने चाचणीचे आकडे ठेवले खरे, पण मान काही वर होईना.

बँकेचा सगळा डेटाबेस नव्या सर्व्हरवर न्यायचा होता. त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती टाकायची, एवढाच प्रश्न होता. फुकटातली, की तिचा धाकटा भाऊ विकत होता ती महागडी? साहेबांनी दोन मशीन मांडून दिली होती. कोणत्यावर काय आहे ते बघायचं नाही, फक्त डेटाबेस चालवून वेग मोजायचा, असा नियम. पण चाचणीच्या आठवडाभर आधी मशीन बसवतानाच इंजिनिअर बोलून गेला, "दुसरं तुमच्या भावाचं हं, मॅडम."

त्यात भावजयीचा फोन. "ताई, ही ऑर्डर गेली तर यांची नोकरीच जाते हो. आणि हे तर तुमच्यापाशी तोंड उघडायचे नाहीत."

खरंच, तो एक अक्षर बोलला नव्हता. लहानपणापासूनच भिडस्त मेला! मग तिनेच पहिल्या मशीनवर डेटाबेसला मिळणारी मेमरी गुपचूप निम्म्यावर आणली. बिचारं धापा टाकायला लागलं. खात्रीसाठी आत डोकावून सिस्टीमचं नाव बघणं दोन मिनिटांचं काम होतं. पण नाही, तेवढा तरी नियम पाळू, असं तिने स्वतःला बजावलं, आणि त्या सोवळेपणाचीच तिला जास्त लाज वाटली. इतकी वर्षं इमानाने नोकरी केली, आणि आता ही थेरं!

"दुसरं दुपटीने वेगवान?" साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "नक्की?"

"दोनदा मोजलं, साहेब."

"बाकी सगळं दोन्हीकडे सारखंच होतं ना?"

"हो." तिचे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण भावाचा उतरलेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि ती रेटून म्हणाली, "भाऊ माझा आहे म्हणून सांगत नाही, साहेब. दुसरीच घ्या."

"भला माणूस आहे तुमचा भाऊ," आकड्यांवरची नजर न काढता साहेब म्हणाले. "चाचणीच्या आदल्या दिवशी येऊन गेला. म्हणाला, ताई तपासणार असेल तर आमची सिस्टीम काढून घ्या, उगाच तिच्यावर बालंट नको. मग मी त्याच रात्री, कुणाला न सांगता, दोन्ही मशीनवर फुकटातलीच टाकली. म्हटलं, निदान आपली मोजायची पद्धत तरी बरोबर आहे का, ते कळेल."