सामंतांची गाय

शहाऐंशीच्या पावसाळ्यात दहिसरला सामंतांची गाय तापाने फणफणली आणि अंगणातच बसली. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, "तिवा आहे. चावणाऱ्या माश्यांमुळे होतो. कूस बदलत राहा, उठेल." पण गाय काही उठेना. सामंतांनी आशा सोडली आणि शेजारच्या चाळीतल्या भाऊरावला सांगावा धाडला : दोर घेऊन ये, ओढून नदीकडे टाकायची आहे.

भाऊराव साकीनाक्याच्या कारखान्यात लेथ चालवायचा. ढोराला त्याने जन्मात हात लावला नव्हता. अख्खी चाळ सोडून आपल्यालाच का बोलावलं, हे त्याला बरोबर कळलं. मेलेली ढोरं ओढणार नाही म्हटल्यावर गावाने त्याच्या बापाला झोडपलं होतं.

"जाऊ नका," बायको म्हणाली. तो गेला.

"दोर कुठाय रे?" सामंतांनी विचारलं.

"आणला नाही. मेलेलं ढोर ओढणं आमच्या बापाने सोडलं. ही तर जिवंत आहे. या, एका बाजूने हात लावा."

सामंत घुटमळले. भाऊरावने शेणात गुडघे टेकले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. शेवटी धोतर खोचून तेही शेजारी बसले. दोघांनी मिळून गायीची कूस बदलली. दुसऱ्या दिवशी ती धडपडत उभी राहिली.

पुढे ती दुभायला लागली, तेव्हा सामंतांचा गडी तांब्याभर दूध घेऊन चाळीत आला.

"दूध परत ने," भाऊराव म्हणाला. "त्यांना म्हणावं, चहाला बोलवा. अंगणात नाही, घरात."