उघड्या दाराची लिफ्ट

लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या कंबरभर वर अडकली होती आणि उघड्या दारातून म्हातारीचे दोन पाय खाली लोंबत होते. कुणीतरी उतरवून घेईल, या भरवशावर ती लिफ्टच्या काठावर बसली होती.

"आजी, निवांत बसा," लिफ्टचा मिस्त्री म्हणाला. "दार उघडं असलं की लिफ्ट जागची हलत नाही. आता तर नवीन कायदाच आहे तसा. दाराला यंत्र असतं, ते मोटर चालूच होऊ देत नाही."

"मी कशाला घाबरू?" म्हातारी म्हणाली. "माझ्या लेकाकडे बघ. एवढा इमारतीचा चेअरमन, आणि तोंड कसं झालंय!"

सकाळपासून वीज ये-जा करत होती. ती पुन्हा आली, आणि लिफ्टला हिसका बसला. दार सताड उघडं असताना लिफ्ट वीतभर वर सरकली. मोटर गुरगुरली आणि वीज जाताच थांबली.

वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "अहो, किती वेळ बटण दाबतोय!"

मिस्त्रीची पाचावर धारण बसली. वीस वर्षांत उघड्या दाराने हललेली लिफ्ट त्याने पाहिली नव्हती. आणखी दोन हात वर गेली असती, तर दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीत ते पाय अडकित्त्यातल्या सुपारीसारखे सापडले असते.

"बटणाला हात लावू नका कुणी!" तो जिन्यात ओरडला आणि चेअरमनकडे वळला. "दाराचं यंत्र कुणी बंद केलं?"

"ते सारखं अडायचं हो. म्हणून वायरमनकडून एक तार..."

"आजी, पाय आत घ्या!"

"घेते की रे. गुडघे ऐकत नाहीत." आता तिचाही आवाज कापत होता.

"ढकला त्यांना आत! धरून काय उभे राहताय, ढकला!" एवढं बोलून मिस्त्री जिना चढत सुटला. मेन स्विच गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत होता. पाचव्या मजल्यावर त्याला मोटरची गुरगुर पुन्हा ऐकू आली, आणि खालून म्हातारीची किंकाळी. पुढचे जिने तो कसे चढला ते त्यालाच आठवलं नसतं.

त्याने स्विच खाली ओढला. सगळं गप्प झालं. ती शांतता त्या किंकाळीपेक्षा वाईट होती.

मग खालून चेअरमनचा आवाज आला. "आत घेतली! आई आत आहे!"

मिस्त्रीने पॅनेलचं झाकण उघडलं. आत दाराच्या यंत्राला वळसा घालून जोडलेली लाल तार होती. तिच्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, एक छापील कागद चिकटवलेला होता.

'दाराचं यंत्र अडतंय? एक तार जोडा, विषय संपला. मी शेकडो लिफ्टना जोडली, आजवर कुणाचं नखही दुखावलं नाही. खुर्चीत बसून कायदे करणाऱ्यांना लिफ्टमधलं काय कळतंय?' खाली नाव होतं, अनुभवी माणूस.

हे टोपणनाव मिस्त्रीचंच होतं. आठ महिन्यांपूर्वी त्या कायद्यावरून फोनवरच्या एका मोठ्या ग्रुपवर भांडण पेटलं होतं, कुठल्याशा शिकलेल्या बाईने विरोध करणाऱ्यांना अडाणी म्हटलं होतं, आणि याने डोकं फिरून तिथे हे लिहून टाकलं होतं. खरं तर त्याने आयुष्यात अशी एकही तार जोडली नव्हती. हिंमतच झाली नसती. उचलली जीभ, लावली टाळ्याला, दुसरं काय! पण चार हजार लोकांनी त्याला पसंती दिली होती आणि तो आठवडाभर छाती काढून फिरला होता.

त्याने तार काढली. मग ब्रेक हाताने सोडून, चाक हळूहळू फिरवून लिफ्ट मजल्याला लावली. तो खाली आला तेव्हा म्हातारी खुर्चीवर बसली होती. नडगीवर लांब ओरखडा होता आणि ती पाणी पिताना पेला दातांवर वाजत होता.

"आमचं काय चुकलं, सांगा," चेअरमन म्हणाला. "जाणकार माणसाने लिहिलेलं. मीटिंगमध्ये वाचून दाखवलं, सगळ्यांनी हात वर केले."

"तो खोटं बोललाय. त्याने एकही तार जोडलेली नाही."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मीच लिहिलंय ते."

चेअरमन सरकून आईच्या आणि त्याच्या मध्ये उभा राहिला.

मिस्त्री जिन्यात जाऊन बसला आणि त्याने फोन काढला. ते लिहिलेलं पुसून टाकायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण खाली लोकांनी उत्तरं लिहिली होती, आणि ती त्याने कधी नीट वाचलीच नव्हती. 'जोडली. मस्त चालते.' 'दवाखान्याचं काम झालं, आभार.' 'आमच्या शाळेतल्या लिफ्टला जोडली, हा फोटो.' त्याने मोजले. सत्तावीस जण. कुणाचं गाव नाही, खरं नाव नाही. त्याने ते पुसलं असतं तर खालची उत्तरंही गेली असती. तो सुटला असता, पण हे सत्तावीस जण पुन्हा कुठे सापडले असते?

त्याने पुसलं नाही. शाळावाल्याला लिहिलं, 'ती तार आत्ताच्या आत्ता काढा. मी खोटं लिहिलं होतं. तोवर लिफ्ट बंद ठेवा. पत्ता द्या, मी स्वतः येतो.'

उत्तर लगेच आलं.

'काय दादा, लिफ्ट कंपनीने किती पैसे दिले?'

त्याच्याखाली बघता बघता अकरा जणांनी हसरे चेहरे टाकले.