एक जूनचा वाढदिवस

"पंचवीस डिसेंबर बायबलात कुठे आहे, ते आधी दाखव," म्हणत सासऱ्यांनी सलोमीने दारावर लावलेली चांदणी तिसऱ्यांदा उतरवली. "म्हणे प्रभू जन्मला त्या रात्री मेंढपाळ रानात होते. एवढ्या थंडीत कुणी रानात झोपतं होय?"

सलोमी पार वैतागली. जुनं चर्च सोडून नाताळ न मानणाऱ्या नव्या मंडळीत जायला लागल्यापासून पप्पांचं हेच चाललं होतं. कडेवरच्या लेकीचा पहिला नाताळ, आणि करंज्या नाहीत, गाणी नाहीत, आता चांदणीही नाही!

"पप्पा, तुमचा जन्म खरंच एक जूनचा?"

"छे! शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली ती तारीख. त्या काळी सगळ्यांचीच तशी. आई म्हणायची, ज्वारीची काढणी चालली होती."

"तरी एक जूनला दोन वाट्या खीर खाता. प्रभूकडेच बरा जन्मदाखला मागता!"

"जीभ फार चालते तुझी," पप्पा गुरकावले. मग त्यांनी नातीला आपल्याकडे घेतलं.

"खीर आईच करायची. म्हणायची, तारीख गुरुजींची असू दे, लेकरू तर माझंय ना!" ते दाराकडे बघत पुटपुटले. "लाव जा. आणि सरळ लाव, मघाशी वाकडी होती."