पेलाभर पाणी

आईला किडनी द्यायची तर आधी वजन उतरवा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. तेव्हापासून मला चहा, सोडा, सरबत बंद; पाणी मात्र औषधाच्या इवल्या कपातून, घोटघोट, दिवसभर प्यायचंच. आणि डायलिसिसवरच्या आईला तेच पाणी मोजूनमापून. तिचे कोरडे ओठ बघवत नसत, म्हणून मोबाइलचा गजर झाला की मी फ्रिजच्या दाराआड लपून प्यायचे. माझं वजन उतरलं, आणि आज डॉक्टर म्हणाले, आईचं हृदय फार थकलंय, किडनी आता बसवता येणार नाही. घरी येताच आई म्हणाली, “मग कसलं पथ्य? पेलाभर पाणी दे गं.” ती गटागटा प्यायली. गजर झाला. मी सवयीनं फ्रिजकडे वळले. तिनं हात धरला. “लपतेस कशाला, वेडे? माझ्यासमोर पी. मला बघू दे.”