दिल्लीच्या तोंडी जालना

जालना जिल्हा होऊन पाच वर्षं झाली, तरी दिल्लीच्या टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज काश्मीर, आसाम, केरळ फिरून यायचा आणि आमचं नाव घ्यायचा नाही. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी मात्र बातम्यांतली बाई चक्क "जालना" म्हणाली, आणि आष्टीत पुंजारामच्या ओसरीवर जमलेली पन्नास माणसं पुढचं ऐकायच्या आत नाचायला लागली. फटाके उडाले, गुलाल उधळला.

"अहो, माळवदावर सगळा उडीद वाळू घातलाय," उषाबाईनं नवऱ्याला गदागदा हलवलं. "जालन्यात काय होनार म्हनली ती?"

"नाव घेतलं ना! आनखी काय पाह्यजे?" पुंजारामनं तिच्या तोंडात पेढा कोंबला.

 

पहाटे धो धो पावसात भिजलेला उडीद पोत्यात भरताना पुंजाराम अभिमानानं म्हणाला, "शब्दाची पक्की निघाली बाई!"