माणूस कुठला, खोकं कुठलं

नौपाड्यातल्या त्र्यंबकरावांच्या हॉलमध्ये चादरीचा पडदा बांधून झाला, तरी सर्वेश आणि संचिताचा वाद मिटला नव्हता.

"साडेतीन हजार हर्ट्झच ठेव," सर्वेश दबक्या आवाजात म्हणाला. "त्याच्या खाली उतरलीस की ट्विटर जळतो. दोन जाळलेस आधीच."

"हा दमाचा आहे. दोन हजारांवर घे."

डोंबिवलीच्या घरात नवरा-बायको महिनाभर याच आकड्यावरून भांडत होती. मोठ्या स्पीकरने आवाज कुठे सोडायचा आणि छोट्या ट्विटरने तो कुठे उचलायचा, एवढाच प्रश्न. पण नोकरी सोडून संचिताने बनवलेली पहिली जोडी ऐकून त्र्यंबकराव म्हणाले होते, "तुझी बाई नाकात गाते." आयुष्यभर रेकॉर्डिंग केलेला माणूस. ठाण्यात स्पीकर घेणारे आधी त्यांना विचारत. त्या एका वाक्यानंतर तिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं.

आज तिनेच त्यांना गळ घातली होती. पडद्यामागे बाळकुमची गोदामावशी आगरी लग्नातला धवला गाणार, साथीला काही नाही. तिच्याच घरी रेकॉर्ड केलेला तोच धवला स्पीकरवर वाजणार. माणूस कुठला आणि खोकं कुठलं, ते त्र्यंबकरावांनी सांगायचं.

मंडळी जमली; गाणारी दिसू नये म्हणून आतल्या खोलीत बसवलेले त्र्यंबकरावही बाहेर येऊन बसले. सर्वेशने मोबाईल पाहिला आणि संचिताला बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगितलं. तिचा चेहरा पडला. तिने खुर्च्यांवरच्या मंडळींकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आधी तुझा आकडा."

सर्वेश पडद्यामागे गेला.

गोदामावशीचा आवाज हॉलभर पसरला. धवला संपला. जरा वेळाने पुन्हा तोच सुरू झाला. या वेळी ओळ उचलण्याआधी मावशीने घेतलेला श्वासही ऐकू आला, आणि पुढे बसलेल्या एका बाईंनी नकळत पदर सावरला.

त्र्यंबकरावांनी डोळे उघडले.

"पहिला स्पीकर. सुधारलाय, पण 'स' अजून टोचतो. शेवटी खोकं ते खोकंच. दुसऱ्यांदा गायली ती बाई."

"नक्की, काका?"

"तीस वर्षं माझ्यासमोर माणसं गायली आहेत, संचिता. गळा आणि खोकं यांतला फरक मला कळणार नाही?"

कोणीतरी हळहळलं. संचिता मात्र ओठ घट्ट मिटून उभी होती. हसू काही लपत नव्हतं. पडद्याआडून सर्वेश बाहेर आला आणि त्याने तिच्यापुढे चक्क हात जोडले.

"बाईंना बाहेर तरी बोलवा," त्र्यंबकराव उठत म्हणाले. "अशा गळ्याला नमस्कार केला पाहिजे."

तेवढ्यात बेल वाजली. संचिताने जाऊन दार उघडलं. बाहेर गोदामावशी धापा टाकत उभी होती.

"बालकुमशी रिक्षाच नाय मिलली गो," ती म्हणाली. "आता गाऊ का?"