वाटाघाटींची प्रात्यक्षिक परीक्षा

एमबीएच्या वाटाघाटींच्या प्रात्यक्षिक परीक्षेत संगणक विकणाऱ्याच्या भूमिकेतली वैष्णवी आणि ते विकत घेणाऱ्याच्या भूमिकेतला सोमेश्वर यांनी परीक्षकांसमोर भाव करताना एकही शब्द उच्चारला नाही. दोघांनी टेबलावर रुमाल पसरला, त्याखाली एकमेकांचा हात धरला आणि काही वेळाने सौदा ठरल्याचे सांगितले.

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी ‘असभ्य वर्तन’ असा शेरा दिला. प्राचार्यांनी वैष्णवीच्या वडिलांना, साखरा गावच्या रामकिशन यांना, हिंगोलीस बोलावून घेतले. “उद्यापासून कालेज बंद,” असे मुलीला फोनवर सांगूनच ते घरून निघाले.

प्राचार्यांच्या खोलीत त्यांनी संपूर्ण हकिगत खाली मान घालून ऐकली. रुमालाचा उल्लेख आला तेव्हा मात्र मान वर करून ते सोमेश्वरकडे वळले.

“कोन्या गावचा रे तू?”

“डोंगरकड्याचा, काका. वडील शेळ्यायचे व्यापारी हायेत.”

रामकिशन यांनी मुलीकडे पाहिले. “भाव आधी कोनं सोडला?”

“मीच, आबा. हा बोटच हालवून नव्हता राहिला.”

“मंग घाई काहून केली? आजून चढला असता की त्यो.” मग ते प्राचार्यांना म्हणाले, “सर, पोरीला राहू द्या कालेजात. लई कच्ची हाय आजून.”



दोघांच्याही घरी शेळ्यांचा व्यापार आहे, आणि त्यांच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून ठरवतात.